बीज मोजून घेता, पोसणार कोण? खान्देशातल्या मच्छीमार संस्थांना खुले पत्र

प्रति,
चेअरमन, सचिव, संचालक आणि सभासद,
तापी, गिरणा, पांझरा, अनेर आणि बोरी खोऱ्यांतल्या धरणांवरच्या मच्छीमार सहकारी संस्था,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

विषय: यंदाच्या बीज खरेदीच्या ठरावात एक ओळ वाढवण्याबाबत.

स.न.वि.वि.

आखाजी झाली. झोके उतरले, माहेरवाशिणी परतल्या, धरणांच्या कडेचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या. आता पंधरा-वीस दिवसांत आपल्या मीटिंगा सुरू होतील आणि दरसालचा विषय येईल: यंदा किती लाख मत्स्यबीज, कुणाकडून, काय भावानं. अर्धा तास भावावर वाद, पाच मिनिटं टेम्पोच्या भाड्यावर, मग चहा, मग ठराव मंजूर. त्या बीजाला खायला कोण घालणार आणि काय घालणार, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. अनेरकाठच्या एका संस्थेचा मी सभासद आहे आणि असे ठराव हात वर करून मीही पास केलेत. पण गेली अकरा वर्षं पाच-पाच गुंठ्यांच्या दोन तळ्यांत जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, वाढवून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, करतो आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करतो.

गेल्या श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या आठवड्यात, एका धरणावर बीज सोडताना मी हजर होतो. धरणाचं नाव लिहीत नाही, कारण असं सगळीकडेच चालतं. टेम्पो आला, ऑक्सिजनच्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मत्स्यव्यवसाय विभागाचे साहेब आले, पंचनाम्याचा कागद निघाला. मोजणी नेहमीसारखी: एक वाटी बीज मोजायचं, मग वाट्या मोजायच्या, मग गुणाकार. मी एक वाटी हातात घेऊन उन्हाकडे धरली. पिल्लं बोटाच्या पेराएवढी. डोकं मोठं, डोळे मोठे, आणि मागे धड दोऱ्यासारखं. पोट खपाटीला. अशा पिल्लाचं वय त्याच्या लांबीवरून काढू नका, डोक्यावरून काढा. डोकं वयाप्रमाणे वाढलेलं असतं, अंग उपाशी राहिलेलं असतं. शेजारी उभ्या आप्पांना मी दाखवलं. ते म्हणाले, "धरनमा पानी भरेल शे, वाढतीन आपोआप." फोटो निघाला, वाट्या रिकाम्या झाल्या. मार्चमध्ये त्या धरणावर जाळ्यात कटला किती लागला ते सांगत नाही. पिल्लं खाणारे मरळ आणि शिवडा मात्र गुबगुबीत होते.

धरणात एकदा सोडलं की त्या माशाला आपण एक दाणाही देत नाही. द्यायचा म्हटला तरी हजार-पाचशे हेक्टर पाण्यात कुठे आणि किती देणार? तिथं तो पाण्यात जे मिळेल त्यावर जगतो. आपल्या हातचं जेवण त्याला मिळतं ते फक्त सुरुवातीचे अडीच-तीन महिने, तळ्यात असताना. तेवढ्या काळातही आपण हात आखडतो आणि मग आठ महिने नशिबाला, पावसाला आणि पाणकावळ्याला बोल लावतो.

जिरे म्हणजे नेमकं काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी असते. ती साधारण तीन दिवस पुरते. तोवर तोंडही धड उघडलेलं नसतं. शिदोरी संपते, तोंड उघडतं आणि नेमक्या त्याच वेळी बीजवाला आपल्याला पिशवी भरून देतो. म्हणजे त्या लेकराचं उष्टावण आपल्या तळ्यात होतं. एका जिऱ्याचं वजन जेमतेम दीड मिलिग्रॅम, लाखभर जिऱ्यांचं दीडशे ग्रॅम. मेथीची जुडी याहून जड असते. कार्प जातीच्या माशाला, रोहू असो की कटला की मृगळ, आपल्यासारखं जठर नसतं. घशातून थेट आतडं. एका वेळी भरपेट खाऊन साठवून ठेवायची सोयच नाही, थोडं थोडं आणि वारंवार लागतं.

आता हिशोब बघा. मत्स्यशास्त्रवाले सांगतात तो असा: दहा लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज ६ किलो पूरक खाद्य, पुढचे दहा दिवस रोज १२ किलो, सकाळ-संध्याकाळ विभागून. म्हणजे प्रत्येक जिऱ्याला रोज त्याच्या मूळ वजनाच्या चौपट, नंतर आठपट. ऐकायला अचाट वाटतं. आता ते एक लाखावर आणा: पाच दिवस ६०० ग्रॅम, दहा दिवस सव्वा किलोच्या आतबाहेर. पंधरा दिवसांचं सगळं रेशन पंधरा किलो. घरची दुभती म्हैस एका आठवड्यात एवढी ढेप सहज फस्त करते. या पंधरा किलोंची बचत करून आपण वर्षाचा मासा घालवतो.

आणि ढेप म्हटली की आपल्याकडे सरकीची. कापसाचा मुलूख आहे, दारात सरकीची ढेप असते, म्हशीचं दूध तिनं दाट होतं, मग माशाला का नाही? पहिल्या वर्षी माझाही हाच विचार होता. दोन तळी शेजारी शेजारी, दोन्हीत दोन-दोन लाख जिरे, एकाच पिशवीतले. एका तळ्यात शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा, निम्मा-निम्मा, पिठाच्या चाळणीतून गाळलेला. दुसऱ्यात शेंगदाण्याऐवजी सरकी, कारण शेंगदाण्याच्या पोत्याचे पैसे पुरले नाहीत. विसाव्या दिवशी जाळं मारलं. पहिल्या तळ्यातली पिल्लं इंचभर, पाठीवर मांस धरलेली, जाळ्यात पडली की तडतडत होती. दुसऱ्यातली त्यांच्या निम्मी, आणि संख्येनं तर विचारूच नका. मला वाटलं, जिऱ्यांतच खोट. बीजवाल्याशी फोनवर भांडलोही. नंतर एका प्रशिक्षणात कारण कळलं तेव्हा त्याला परत फोन करून माफी मागितली.

कारण असं. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. म्हशीच्या पोटात चार कप्पे, त्यातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जंतू आणि तिथला चारा त्या द्रव्याचा बराचसा जोर मोडतात. माशाकडे तो कप्पा नाही. शिवाय गॉसिपॉल प्रथिनातल्या लायसिनला धरून बसतं, आणि अंग वाढायला नेमकं तेच हवं असतं. वर सालासकट घाण्यातून निघालेल्या ढेपेत चोथा भरपूर. मोठ्या माशाच्या खाद्यात थोडीफार सरकी चालून जाते. जिऱ्याला, बीजाला नको. जे म्हशीला मानवतं ते माशाला मानवेलच असं नाही, एवढं मला शिकायला दोन लाख जिरे लागले.

शेंगदाण्याची ढेपही डोळे झाकून घेऊ नका. जिरे येतात ते ऐन पावसाळ्यात, आणि ढेप तेव्हा ओल धरते. हिरवट-पिवळी बुरशी चढलेली ढेप कितीही स्वस्त मिळाली तरी नको; त्या बुरशीचं विष माशाचं काळीज खातं. एक तुकडा फोडून वास घ्या. खमंग आला तर ठीक, कुबट आला तर परत करा.

प्रथिनाचं गणित थोडक्यात सांगतो. अगदी लहान पिल्लाला खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिन लागतं, बोटुकली झाली की ३० ते ३५ पुरतं, मोठ्याला त्याहून कमी. शेंगदाणा ढेपेत ४० ते ४५ टक्के असतं, कोंड्यात १२-१३. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की २७-२८ वर येतं. म्हणजे आपलं हे पारंपरिक जेवणसुद्धा पिल्लाला अपुरंच. उरलेलं भरून निघतं ते पाण्यातल्या जिवांनी, त्याचं पुढं लिहितो. मी आता कोंडा कमी करून त्यात सुकटीची बारीक भुकटी घालतो, कारण शेंगदाण्यात लायसिन आणि मेथिओनिन ही प्रथिनातली द्रव्यं कमी पडतात आणि सुकटीत ती भरपूर. आपल्या जळगावच्या डाळमिलची चुनी स्वस्त आहे, मोठ्या माशाला खुशाल वापरा, पण लहानग्याचं पोट तिच्यावर भरणार नाही. कोंबडीखाद्याचंही तेच. त्यात मका जास्त, प्रथिन २०-२२ टक्के. कोंबडीच्या पिलाला ते ठीक.

पाण्यातल्या जिवांबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या, कारण तिथंच आपण सगळ्यात जास्त चुकतो. जिऱ्याचं खरं पहिलं अन्न ढेप नव्हेच. पाण्यात पिसवेसारखे टुणटुण उड्या मारणारे, सुईच्या टोकाएवढे जीव असतात, आणि त्यांच्याहून बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे रोटिफर. पुस्तकात त्यांना प्राणी-प्लवंग म्हणतात. लहानपणी रोहू, कटला आणि मृगळ ही तिन्ही भावंडं याच एका ताटात जेवतात. वेगळ्या चुली पुढं मोठेपणी होतात, कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. ताट रिकामं असताना जिरे सोडलेत तर वरून टाकलेली ढेप नुसती कुजते, पाणी बिघडवते आणि पहाटे ऑक्सिजन खाली आणून उरलीसुरली पिल्लंही मारते.

ताट भरलंय की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पाच बादल्या, म्हणजे ५० लिटर पाणी तळ्याच्या पाच ठिकाणांहून घ्यायचं, बारीक विणीच्या कापडातून गाळायचं, कापडावर राहिलेलं काचेच्या अरुंद बाटलीत ओतायचं आणि चिमूटभर मीठ टाकायचं. मिठानं जीव मरून तळाशी बसतात. एक ते दोन मिलिलिटर थर बसला तर जिरे सोडा. नुसतं हिरवं पाणी दिसलं आणि तळाशी काहीच बसलं नाही तर थांबा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमची माय म्हणाली, "पानी गाळीसन कोनी मासा वाढाडतंस का?" दुसऱ्या वर्षी बाटली तीच धुऊन ठेवायला लागली.

ते जीव पाण्यात यावेत म्हणून तयारी तीन आठवडे आधी सुरू होते. तळ्यात मरळ, शिवडा, झाडून सगळे खादाड मासे आधी काढायला हवेत, आणि त्यासाठी आपल्या सातपुड्यात मोहाची ढेप आहे. हेक्टरी अडीच हजार किलो, म्हणजे माझ्या पाच गुंठ्यांना सव्वाशे किलो. तिच्यातल्या सॅपोनिन नावाच्या विषानं नको असलेले मासे मरतात, पुढे तीच ढेप कुजून खत होते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सभासदांना हे मी काय सांगणार, मोह त्यांच्या दारात आहे. त्यानंतर जिरे सोडायच्या दोन-तीन दिवस आधी शेंगदाणा ढेप, शेण आणि सुपर फॉस्फेट भिजवून एकजीव करून निम्मी मात्रा द्यायची, उरलेली पुढे हप्त्याहप्त्यानं. हेक्टरी प्रमाण ७५०, २०० आणि ५० किलो. पाच गुंठ्यांना म्हटलं तर साधारण ३७ किलो ढेप, १० किलो शेण, अडीच किलो फॉस्फेट. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गाळ नसल्यानं जीव सहजी तयार होत नाहीत, तिथं हा काला जास्त जपून आणि थोडा थोडा करून द्यावा लागतो. केळीबागांच्या पाण्यासाठी केलेली अशी तळी रावेर-यावलकडे कितीतरी आहेत. एक-दोन भाड्यानं मिळाली तरी संस्थेचं काम होईल.

एवढं सगळं नीट करूनही मातीच्या तळ्यात शंभरातली तीस ते पन्नास पिल्लं हाती लागतात. हे वाईट नाही, असंच असतं. कुणी ऐंशी टक्के सांगितलं तर आधी त्याची वाटी तपासा.

पुढच्या अडीच महिन्यांत बोटुकली होताना दुसरीच गंमत. पैसे आले की आपण तयार तरंगतं खाद्य घेतो, आणि दुकानदार जे शिल्लक असेल ते देतो. दोन वर्षांपूर्वी मला तालुक्याच्या एका दुकानातून चार मिलिमीटरचा दाणा मिळाला, माझी पिल्लं दीड इंचाची. संध्याकाळी काठावर बसून बघत होतो. दाणा तरंगतोय आणि पिल्लं त्याला खालून ढुशा मारतायत, पोरं फुटबॉल खेळतात तशी. तोंडात मावतच नव्हता. वीस मिनिटांनी दाणा भिजून फुगला, तेव्हा त्याचे लचके तुटायला लागले. पण तोवर त्यातलं विरघळणारं सत्त्व पाण्यात गेलेलं. मी तो सगळा दाणा घरच्या जात्यावर भरडून काढला. पोत्यावरची तारीख नंतर पाहिली: माल फेब्रुवारीचा, आणि मे महिना पत्र्याच्या गोदामात काढलेला. आपल्याकडे मेमध्ये पत्र्याखाली काय तापतं ते सांगायला नको. 'क' जीवनसत्त्व उष्णतेनं आणि दिवस जातील तसं नष्ट होतं, आणि ते कमी पडलं की पिल्लांची पाठ वाकते, कल्ल्याचं झाकण अर्धवट राहतं. वाकडा मासा बाजारात कोण घेतो? म्हणून आधी तारीख बघा, मग दाण्याचा आकार, आणि भाव सगळ्यात शेवटी.

आता माहीतगार सभासद एक मुद्दा काढतील, म्हणून आधीच लिहितो. आंध्रात बीज वर्षभर दाटीत, अर्धपोटी ठेवून खुंटवतात आणि नंतर तेच मासे झपाट्यानं वाढतात, मग आपलं उपाशी बीज का वाईट? बरोबर आहे, तिथं तसं करतात आणि त्यांना ते फळतं. पण त्यांचा मासा आधी जिरे-बीज ही वाट नीट खाऊन-पिऊन पार केलेला असतो, खुंटवतानाही त्याला जगण्यापुरतं रोज मिळतं, शंभर ग्रॅमच्या पुढं गेल्यावर तो तळ्यात जातो, आणि तिथं त्याच्यासाठी रोज पोती फुटतात. आपण तर दोन आठवड्यांच्या उपाशी पोराला धरणात ढकलतो.

आणि आपल्याकडे वेळही थोडा आहे. जुलैत जिरे, ऑगस्टात इंचभर बीज, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बोटुकली, असं घड्याळ जमलं तर माशाला नोव्हेंबरअखेरपर्यंत कोमट पाणी मिळतं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कार्प मासा खाणं कमी करतो, वाढ मंदावते. धुळ्याकडे थंडीत पारा एक आकडी होतो हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. जो मासा थंडीपूर्वी वाढला नाही तो फेब्रुवारीतच पुन्हा हलतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर धरणाचा तळ दिसायला लागतो. उन्हाळ्यात किलोच्या वरचा कटला काढायचा असेल तर त्याचं काम श्रावण-भादव्यात झालेलं असावं लागतं.

१० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी ओडिशात माशाला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन प्रजनन घडवलं. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागायचं, आणि त्यात काय काय येईल याचा नेम नसायचा. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. आपल्याकडेही त्या दिवशी शाल-श्रीफळ होतं आणि भाषणात किती बीज सोडलं याचे आकडे येतात. गेल्या वर्षी एका संस्थेनं 'जयंती' रोहूचं बीज मागवलं. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेनं निवड पद्धतीनं तयार केलेली, जास्त वाढीची जात, १९९७ पासून बाहेर आहे; निवड उत्तम. पण तिलाही सरकीच घातली. पैलवानाच्या घरचं पोर असलं म्हणून उपाशीपोटी तालमीत उतरवाल का?

माझी मागणी लहान आहे. ठेक्याच्या अटीप्रमाणे जेवढं बीज सोडायचं ते सोडावंच लागेल, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. फक्त खरेदीच्या ठरावात एवढं लिहा: बीज जिऱ्याच्या अवस्थेत घेऊन संस्थेच्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या तळ्यात किमान अडीच महिने वाढवायचं, चार इंचांच्या आतबाहेरची बोटुकली झाल्यावरच धरणात सोडायची, आणि त्यासाठी ढेप, कोंडा, सुकट यांचा खर्च बीजाच्या खर्चाशेजारी वेगळा मांडायचा. ज्यांना तळं मिळत नाही त्यांनी धरणाच्या फुगवट्यात उथळ जागी जाळीचा कोंडवाडा करावा, किंवा पंगस माशासाठी आणलेले केज, म्हणजे तरंगते पिंजरे, दोन महिने या कामाला द्यावेत. केजसाठी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान मिळत आलंय; अर्ज करताना बोटुकली वाढवण्याचा उल्लेख करा.

विभागाच्या साहेबांनाही या पत्राची एक प्रत पाठवतोय. त्यांना एवढंच विचारायचंय की पंचनाम्याच्या कागदावर संख्येच्या रकान्याशेजारी लांबी आणि वजनाचा रकाना घालायला काय हरकत आहे. आमच्या पाड्यावरची अंगणवाडी ताई प्रत्येक लेकराचं वजन दर महिन्याला वहीत लिहिते. इथं शंभर पिल्लं तराजूत टाकायला पाच मिनिटं लागतात, आणि तराजू मी आणतो.

आमच्या संस्थेची सभा मृगाच्या पहिल्या आठवड्यात आहे. शेजारच्या संस्थांनी यावं. मी काचेची बाटली, कापड आणि मीठ घेऊन येईन. तुम्ही येताना तुमच्या तळ्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणा, आणि तुमच्या गोदामातल्या ढेपेचा मूठभर तुकडा. सभेआधी वास घेऊन बघू.

कळावे,
अनेरकाठचा एक सभासद